पश्चिम केनियातील अल्पभूधारकांची मक्याची शेती: खोडकिडा, टारफुला आणि वर्षभराचे धान्य

मृद्गंध (धागाकर्ता)

केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला विहिगा, काकामेगा, सिआया, बुंगोमा, होमा बे या काउंट्या आहेत. तिथे पाऊस वर्षातून दोनदा येतो, मार्चपासूनचा मोठा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरनंतरचा छोटा. लोकवस्ती दाट आहे आणि विहिगासारख्या भागात बहुतेक कुटुंबांकडे एकरभर किंवा त्याहूनही कमी जमीन उरली आहे. तेवढ्या जमिनीत मका, मक्यात घेवडा, कडेला केळी आणि दारात एखादी गाय, असा संसार असतो. मक्याच्या पिठाचा उगाली हे रोजचे जेवण असल्यामुळे ज्या घरातला मका एप्रिल-मेमध्ये संपतो, त्या घराला जुलै-ऑगस्टमध्ये नवे पीक हाती येईपर्यंत विकतच्या पिठावर आणि उधारीवर दिवस काढावे लागतात. अन्नसुरक्षेची चर्चा मला या मधल्या महिन्यांच्या अंगाने करायची आहे. टिकाऊ शेतीची कोणतीही पद्धत त्या महिन्यांत घरात काय आणते, यावरच ती शेतकऱ्याकडे टिकते की नाही हे ठरते, असे माझे मत आहे.

मक्याचे तिथले दोन जुने शत्रू म्हणजे खोडकिडा आणि टारफुला. खोडकिड्याच्या तिथे मुख्यतः दोन जाती आढळतात. बुसिओला फुस्का ही मूळ आफ्रिकेतली, तर कायलो पार्टेलस ही आपल्याकडे ज्वारी आणि मका पोखरणारी जात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती आशियातून आफ्रिकेत पोहोचली आणि तिथल्या सखल, उष्ण भागांत तिने बस्तान बसवले. टारफुला म्हणजे स्ट्रायगा, पिकाच्या मुळांवर जगणारे तण. तिथली प्रमुख जात जांभळट-गुलाबी फुलांची आहे. तिचे बी धुळीइतके बारीक असते, एक झाड हजारो बिया टाकते आणि त्या बिया जमिनीत दहा-पंधरा वर्षे जिवंत राहू शकतात. मक्याच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याची चाहूल लागली की बी रुजते, मुळाला चिकटते आणि पिकाचे अन्नपाणी शोषून घेते. तण जमिनीवर दिसेपर्यंत बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते, त्यामुळे खुरपणी करूनही शेतकऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. शिवाय ज्या जमिनीत नत्र आणि स्फुरद कमी असते तिथेच टारफुला माजतो. म्हणजे ज्याच्याकडे खत घ्यायला पैसे नाहीत, त्याच्याच शेतावर हे संकट अधिक जोराने येते.

नैरोबीला १९७० मध्ये थॉमस ओडियाम्बो या केनियन शास्त्रज्ञाने ‘इसिपे’ ही कीटकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था उभी केली. आफ्रिकेच्या कीडसमस्यांवर आफ्रिकेत राहून, आफ्रिकी शास्त्रज्ञांच्या हातून काम व्हावे, ही त्यामागची भूमिका होती. सरोवराकाठच्या म्बिटा येथील तिच्या केंद्रात भारतीय वंशाचे कीटकशास्त्रज्ञ झेयाउर खान आणि इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संस्थेतील जॉन पिकेट यांच्या गटाने १९९० च्या दशकात ‘पुश-पुल’ (ढकला-ओढा) पद्धत विकसित केली. मक्याच्या दोन ओळींमध्ये डेस्मोडियम ही पसरणारी द्विदल वनस्पती लावायची आणि शेताच्या चारही कडांना हत्तीगवताच्या ओळी लावायच्या. खोडकिड्याच्या मादीला डेस्मोडियमचा वास नकोसा होतो आणि ती मका सोडून कडेच्या हत्तीगवतावर अंडी घालते, असा त्यामागचा विचार आहे. हत्तीगवतात अळी शिरली की गवत चिकट रस सोडते आणि बहुतेक अळ्या त्यातच मरतात.

टारफुल्यावरचा परिणाम हा या संशोधनातला अनपेक्षित लाभ ठरला. डेस्मोडियम लावलेल्या वाफ्यांत टारफुला जवळजवळ दिसेनासा झाल्याचे संशोधकांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी मुळांचा अभ्यास केला. डेस्मोडियमच्या मुळांतून पाझरणारी काही द्रव्ये टारफुल्याचे बी रुजवतात आणि दुसरी काही द्रव्ये त्या कोवळ्या अंकुराची वाढ रोखतात. यजमान पिकाच्या मुळापर्यंत पोहोचण्याआधीच अंकुर मरतो, आणि हंगामामागून हंगाम जमिनीतला बियांचा साठा घटत जातो. तण उपटून हे साधत नाही. इसिपेच्या शेतकरी-प्रक्षेत्रांवर हेक्टरी एक टनाच्या आसपास येणारा मका या पद्धतीने तीन टनांच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. सगळीकडे इतका फरक पडेल असे मी म्हणणार नाही, परंतु टारफुल्याने ग्रासलेल्या शेतात फरक ठळक असतो.

माझ्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट याच्या पुढे आहे. हत्तीगवत आणि डेस्मोडियम ही दोन्ही उत्तम वैरण आहे. डेस्मोडियममध्ये प्रथिने भरपूर असतात आणि ते नत्रही स्थिर करते. ज्या घरी गाय किंवा शेळी आहे, त्या घराला मक्याचे कणीस भरण्याच्या कितीतरी आधी वैरण मिळू लागते, दुधाचे चार पैसे येतात आणि शेणखत शेतात परत जाते. केनियातील दुधाचा मोठा हिस्सा लहान शेतकऱ्यांच्याच गोठ्यातून येतो, त्यामुळे वैरणीला तिथे कायम मागणी असते. दुसऱ्या अनेक चांगल्या पद्धती प्रकल्प संपताच मागे पडल्या, आणि ही शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पसरत गेली, याचे श्रेय मी या वैरणीला देतो.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. डेस्मोडियमचे बी महाग असते आणि वेळेवर मिळत नाही. पहिल्या हंगामात ते फार हळू वाढते, तेव्हा तणातून ते जपण्यासाठी बारकाईने भांगलण करावी लागते आणि ती बहुधा घरातल्या स्त्रीच्याच वाट्याला येते. पश्चिम केनियात हत्तीगवतावर झाडे खुजी करणारा रोग पसरला, त्यामुळे आणि वाढत्या कोरडेपणामुळे पुढे ब्रॅकियारिया गवत आणि कोरडे हवामान अधिक सोसणारी डेस्मोडियमची जात वापरात आली. या सुधारित पद्धतीच्या शेतांत अमेरिकन लष्करी अळीही लक्षणीय प्रमाणात कमी आढळली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाडामागे अळ्यांची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे नोंदले आहे. ही अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत आली आणि २०१८ मध्ये भारतात, हे इथल्या मका उत्पादकांना सांगायला नको.

ज्यांनी पूर्व आफ्रिकेत काम केले आहे, किंवा ज्यांना तिथल्या साठवणूक, बाजार, बियाणे या बाजू ठाऊक आहेत, त्यांनी कृपया भर घालावी.

कोरडवाहू
टारफुल्याविषयी

मृद्गंध, लेख आवडला. आमच्या भागात ज्वारीवर येणारा टारफुला पांढऱ्या फुलांचा आणि वेगळ्या जातीचा असतो, पण त्याची चाल हीच. हलक्या, उपाशी रानात तो आधी दिसतो, आणि खत-पाणी चांगले असलेल्या रानात पीक त्याला बऱ्यापैकी तोंड देते, हे जुने लोक सांगत आले आहेत.

कायलोचा उल्लेख केलात, म्हणून एक जोड देतो. कीड आशियातून तिथे गेली, तिचे नैसर्गिक शत्रू मात्र इकडेच राहिले. म्हणून इसिपेने कोटेशिया फ्लॅविपेस ही आशियातली परोपजीवी माशी १९९३ मध्ये केनियाच्या किनारपट्टीवर सोडली. ती खोडातल्या अळीच्या शरीरात अंडी घालते. ही माशी पुढे पूर्व आफ्रिकेच्या बऱ्याच भागात स्थिरावली आणि कायलोचे प्रमाण त्यामुळे उतरले. या उपायासाठी शेतकऱ्याला खिशातून काहीही खर्च करावा लागला नाही. पुश-पुलची चर्चा करताना ही दुसरी बाजू झाकली जाऊ नये, असे मला वाटते.

माझा प्रश्न मजुरीचा आहे. एकरभर शेतात डेस्मोडियम पहिल्या हंगामात जपणे जमते, कारण घरची माणसे असतात. जिथे घरातले कर्ते पुरुष शहरात कामाला गेले आहेत आणि मागे आजी आणि शाळकरी मुले आहेत, तिथे हे कसे निभावते?

अनघा_पाटणकर
घेवड्याची जागा

मला एक मूलभूत शंका आहे. मक्याच्या ओळींमध्ये घेवडा असतो, असे तुम्हीच लिहिले आहे. घेवडा म्हणजे त्या घराचे प्रथिन. ती जागा डेस्मोडियमला दिली तर गाईला वैरण मिळेल, पण मुलांच्या ताटातली उसळ जाईल. ज्याच्याकडे जनावर नाही, त्याने ही पद्धत का स्वीकारावी?

मृद्गंध
कोरडवाहू आणि अनघा यांना

दोन्ही प्रश्न नेमके वर्मावर बोट ठेवणारे आहेत.

अनघाताई, हीच हरकत शेतकऱ्यांनीही घेतली होती. त्यातून मक्याच्याच खड्ड्यात किंवा मक्याच्याच ओळीत घेवडा टोकण्याची रीत आली, म्हणजे ओळींमधली पट्टी डेस्मोडियमकडे राहते आणि घेवडाही जात नाही. अलीकडे कोबीवर्गीय भाज्या आणि पालेभाज्यांचाही या पद्धतीत समावेश करण्याचे प्रयोग झाले आहेत. ज्याच्याकडे जनावर नाही तो वैरण विकू शकतो, पण त्यासाठी जवळपास दुभती जनावरे आणि वैरणीला गिऱ्हाईक हवे. जिथे टारफुलाही नाही आणि जनावरेही नाहीत, तिथे ही पद्धत रुजत नाही, आणि तिथे ती रेटूही नये.

कोरडवाहू, मजुरीचा भार पहिल्या एक-दोन हंगामांतच जास्त असतो. डेस्मोडियम बहुवर्षायू आहे. एकदा त्याने जमीन झाकली की पुढे तणच कमी उगवते, आणि फक्त पेरणीआधी ते छाटून घ्यावे लागते. दर हंगामाची भांगलण वाचत असल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या हंगामात एकूण कष्ट कमी होतात. परंतु आजी आणि नातवंडे एवढेच मनुष्यबळ असलेल्या घराला पहिला हंगाम ओलांडणेच कठीण जाते, आणि तिथे गटाने एकमेकांच्या शेतात काम केल्याशिवाय मार्ग निघत नाही. बी विकत घेण्याऐवजी शेजाऱ्याच्या शेतातले वेलाचे तुकडे लावण्याची युक्तीही अशाच गटांतून पसरली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डेस्मोडियम वासाने पतंगांना दूर ठेवते, या स्पष्टीकरणावर गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांमध्येच मतभेद आहेत. त्याच्या पानांवरच्या आकडेदार केसांत अळ्या अडकून मरतात आणि परिणामाचा मोठा भाग तिथून येतो, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. शेतातला परिणाम दोन्ही बाजूंना मान्य आहे, वाद त्याच्या कारणाविषयी आहे.

नैरोबीकर
पूर्वेकडचे चित्र वेगळे आहे

मी बऱ्याच वर्षांपासून नैरोबीत राहतो आणि कामानिमित्त माचाकोस, माक्वेनी, किटुई या भागांत जात असतो. मृद्गंध यांनी पश्चिमेचे वर्णन केले आहे ते यथार्थ आहे, पण पश्चिमेला पाऊस तरी पडतो. नैरोबीच्या आग्नेयेला प्रश्न पाण्यापासूनच सुरू होतो. २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत लागोपाठ पाच पावसाळे अपुरे गेले. सोमालिया, दक्षिण इथिओपिया आणि उत्तर व पूर्व केनियात जनावरे तडफडून मेली, आणि पेरणीचे बी लोकांनी खाऊन टाकले. त्यानंतर २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये केनियातच महापूर आले. अशा ठिकाणी आधी पाणी आणि माती अडवावी लागते, बाकीचे सारे त्यानंतर.

माचाकोसचा इतिहास या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. १९३० च्या दशकात वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी हा प्रदेश मातीच्या धुपेचे भयंकर उदाहरण म्हणून नोंदवला होता. डोंगर उघडे पडले होते, ओघळी वाढत होत्या, आणि इथे माणसे फार झाली आहेत असा निष्कर्ष काढला गेला. पुढच्या साठ वर्षांत तिथली लोकसंख्या पाचपटीहून अधिक वाढली, तरीही १९९० च्या सुमारास त्याच उतारांवर बांध होते, झाडे जास्त होती आणि हेक्टरी तसेच माणशी उत्पन्नही वाढले होते. मेरी टिफेन, मायकेल मॉर्टिमोर आणि फ्रान्सिस गिचुकी यांनी १९९४ मध्ये हा सगळा बदल कागदोपत्री मांडला.

तिथल्या बांधांना फान्या जू म्हणतात. समपातळी रेषेवर चर खणायचा आणि माती वरच्या अंगाला टाकून बांध घालायचा. पावसाबरोबर वाहणारी माती बांधाच्या वरच्या बाजूला साठत जाते आणि काही वर्षांत उताराचे आपोआप सपाट टप्पे होतात. बांधावर गवत लावतात आणि तेही जनावरांच्या पोटी जाते. वसाहतीच्या काळात सक्तीने करून घेतलेले अरुंद बांध लोकांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मोडू दिले. फान्या जू मात्र त्यांनी आपणहून, म्वेथ्या नावाच्या परस्परमदतीच्या गटांतून खणले आणि त्या गटांत बहुसंख्येने स्त्रिया होत्या. अर्थात नैरोबीची बाजारपेठ जवळ असणे, कॉफी आणि भाजीपाल्याचा पैसा, शहरातल्या नोकरदारांनी घरी पाठवलेली रक्कम, या गोष्टीही तितक्याच कारणीभूत होत्या. जिथे बाजार लांब आहे, तिथे हेच बांध इतक्या उत्साहाने घातले गेले नाहीत.

आणि या भागातले महत्त्वाचे पीक म्हणजे तूर. त्याविषयी कोणी जाणकार लिहील, तर वाचायला आवडेल.

शेंगदाणे_तूर
तुरीचा धागा आपल्यापर्यंत येतो

नैरोबीकर, तुमच्या विनंतीवरून लिहितो. आमचा लातूरकडे डाळीचा व्यवसाय आहे, त्यामुळे आफ्रिकेची तूर मी पोत्यांत पाहिली आहे आणि तिच्या भावाचा परिणाम इथल्या शेतकऱ्यावर होताना अनुभवला आहे.

पीक म्हणून तूर तिथल्या अल्पभूधारकाला फार सोयीची आहे. मक्याबरोबर पेरली तर पहिले दोन-अडीच महिने ती हळू वाढते आणि मक्याशी स्पर्धा करत नाही. मका काढल्यावर उरलेल्या ओलीवर ती उभी राहते, कारण तिचे मूळ खोल जाते. पानगळीने माती सुधारते, काड्यांचे सरपण होते. लोहाशी बांधलेले स्फुरद तिची मुळे मोकळे करू शकतात, हे इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवून दिले होते. मर रोगाला तोंड देणारे इक्रिसॅटचे वाण टांझानिया आणि केनियात बऱ्यापैकी पसरले आहेत. माचाकोसकडे लोक ओले दाणे आणि मक्याबरोबर शिजवलेली तूर आवडीने खातात. टांझानियात मात्र, विशेषतः बाबातीसारख्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत, वाळलेली तूर जवळजवळ सगळी विक्रीसाठी पिकते आणि ती विकत घेणारा मुख्य देश भारत आहे.

२०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तूर खरेदीचा करार केला, आणि संपूर्ण पूर्व आफ्रिकेत भारताला डाळ हवी आहे हा संदेश गेला. लोकांनी तुरीखालचे क्षेत्र वाढवले. त्याच हंगामात आपल्याकडेही विक्रमी पीक आले, भाव हमीभावाच्या खाली गेले, खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. इथल्या शेतकऱ्यासाठी ती आवश्यक होती, हे मी ठामपणे म्हणेन, कारण त्या वर्षी आमच्या बाजार समितीत शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिले आहे. पण टांझानियात आणि मोझांबिकमध्ये ज्यांच्या घरात तूर पडून राहिली त्यांना विकायला दुसरा बाजारच नव्हता. मे २०२१ पासून आयात पुन्हा खुली झाली.

तूर मातीला चांगली आहे, दुष्काळ सोसते, पोषक आहे, हे सगळे खरे असूनही एका परदेशी अधिसूचनेवर ती शेतातून बाहेर जाऊ शकते. तिथल्या लोकांनी स्वतःच तूर जास्त खाल्ली, तिथेच डाळ केली, तर हे परावलंबन कमी होईल. आपल्या सरकारनेही आयातीचे धोरण पेरणीआधी आणि काही वर्षांसाठी जाहीर केले, तर दोन्हीकडच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग होईल.

सामू_साडेपाच
खताला पर्याय नाही

सर्वांचे मुद्दे वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. पश्चिम केनियातल्या बऱ्याच जमिनी आम्लधर्मी आहेत आणि त्यांत उपलब्ध स्फुरद फार कमी आहे. डेस्मोडियम नत्र देईल, पण स्फुरद कुठून आणणार? तूर बांधलेले स्फुरद मोकळे करते हे मान्य, परंतु जे मुळात कमीच आहे ते दरवर्षी कणसांबरोबर शेताबाहेर जात राहिले, तर साठा संपणारच. तिथे टिथोनिया नावाच्या रानटी सूर्यफुलाचा पाला हिरवळीचे खत म्हणून वापरतात आणि त्यात पोषणद्रव्ये चांगली असतात. पण कुंपणावरचा पाला कापून शेतात पुरेसा घालायचा तर किती भारे डोक्यावरून वाहावे लागतील, याचा विचार केला पाहिजे. थोडा चुना आणि थोडे स्फुरदयुक्त खत मक्याच्या बुंध्याशी मोजून दिले तर या सेंद्रिय उपायांचा परिणाम अधिक ठळक दिसतो. २००६ मध्ये नायजेरियातील अबुजा येथे आफ्रिकी देशांनी खताचा वापर हेक्टरी ५० किलोपर्यंत नेण्याचे ठरवले होते, आणि बहुतेक देश ठरलेल्या मुदतीत त्याच्या जवळपासही पोहोचले नाहीत. युरोपात किंवा पंजाबात खत कमी करा हे सांगणे रास्त आहे. विहिगाच्या शेतकऱ्याला तेच सांगणे अन्यायाचे आहे.

मृद्गंध
सहमत

सामू_साडेपाच, स्फुरदाच्या मुद्द्यावर मी पूर्ण सहमत आहे. पुश-पुलच्या प्रशिक्षणातही लागवडीच्या वेळी स्फुरदयुक्त खत द्यायला सांगतात, हे मूळ लेखात लिहायला हवे होते. अनुदानाचे खत वेळेवर, पेरणीच्या आठवड्यात गावात पोहोचणे हा तिथला मोठा प्रश्न आहे. उशिरा आलेले खत अनेकदा विकले जाते.

आरोग्य_आणि_आहार
कापणीनंतर काय होते

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून कणगीकडे लक्ष वेधते. २००४ मध्ये माक्वेनी आणि किटुई परिसरात घरचा मका खाऊन ३१७ जणांना विषबाधा झाली आणि १२५ जण दगावले. मका ओलसर असताना साठवला गेला, त्यावर बुरशी वाढली आणि अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचे प्रमाण जीवघेणे झाले. त्याआधी पीक कमी आले होते, अवेळी पाऊस झाला होता, आणि लोकांनी चोरीच्या भीतीने मका घरात कोंडून ठेवला होता. अन्न होते, पण तेच विष ठरले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर नसली तरी थोडी थोडी विषबाधा सतत होत राहते आणि तिचा संबंध यकृताच्या कर्करोगाशी आहे.

दुसरे संकट मोठ्या दाणेभुंगेऱ्याचे. हा मूळचा मध्य अमेरिकेतला कीटक १९७० च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात आला आणि तिथून पसरला. काही महिन्यांत तो कणसांचे पीठ करून टाकतो. त्याच्या धास्तीने शेतकरी कापणी होताच मका विकून टाकतो आणि तोच मका मधल्या महिन्यांत चढ्या भावाने परत घेतो. हवाबंद तिहेरी पिशव्यांनी यात मोठी मदत केली आहे. आत दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाहेर विणलेले पोते, एवढीच ही रचना आहे. आतला प्राणवायू संपला की किडे मरतात आणि औषध घालावे लागत नाही. परंतु दाणा नीट वाळवलेला असला पाहिजे, कारण ओला मका या पिशवीतही सुरक्षित राहत नाही.

पैशाचा प्रश्न तरीही उरतो. शाळेची फी आणि जुनी उधारी कापणीच्याच वेळी दारात उभी असते. बुंगोमा काउंटीत वन एकर फंड या संस्थेबरोबर झालेल्या एका प्रयोगात कापणीच्या वेळी शेतकऱ्यांना लहान कर्ज दिले गेले, म्हणजे त्यांना मका लगेच विकावा लागू नये. त्यांचे उत्पन्न वाढलेच, शिवाय ज्या परिसरात बऱ्याच जणांना असे कर्ज मिळाले तिथे बाजारातला भावही कापणीच्या वेळी इतका पडला नाही आणि पुढे इतका चढला नाही. कर्ज न घेतलेल्या घरांनाही त्याचा लाभ झाला. आपल्याकडे पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे, तिच्यामागचा विचारही हाच. फरक एवढाच की तिथे मका गोदामात न नेता घरातच ठेवता आला, आणि एक-दोन पोती असलेल्या कुटुंबासाठी ते महत्त्वाचे आहे.

बीजरक्षक
बियाण्याचा हक्क

साठवणीबद्दल बोलताना बियाण्यालाही विसरू नये. पूर्व आफ्रिकेतला अल्पभूधारक बहुतांश बी घरचे राखतो, शेजाऱ्याकडून घेतो किंवा आठवडी बाजारातून आणतो. घेवडा, नाचणी, ज्वारी, चवळी यांच्या बाबतीत तर हे जवळजवळ पूर्णपणे खरे आहे. केनियाच्या २०१२ च्या सुधारित बियाणे कायद्याने नोंदणी नसलेले बी विकणे आणि देणेघेणे गुन्हा ठरवले होते, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दहा लाख शिलिंगांपर्यंत दंडाची तरतूद होती. पंधरा शेतकऱ्यांनी या तरतुदींना न्यायालयात आव्हान दिले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या. भारतात २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. केनियातल्या शेतकऱ्यांना तो हक्क झगडून मिळवावा लागला, याचे मला वाईट वाटते आणि त्यांच्याविषयी आदरही वाटतो.

दुष्काळानंतर पेरणीचे बी खाल्ले गेल्याचे नैरोबीकर यांनी लिहिले आहे. अशा वेळी मदत म्हणून बाहेरून संकरित मक्याच्या पिशव्या येतात, स्थानिक नाचणीचे किंवा ज्वारीचे बी कोणी आणत नाही. नाचणी तर पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातच प्रथम माणसाळली आणि तिथून हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. कोरड्या वर्षी तग धरणारे आणि कणगीत वर्षानुवर्षे टिकणारे हे धान्य तिथल्या शेतात मक्यामुळे मागे पडले आहे. गावागावांतल्या बीजपेढ्यांना सरकारने मदत केली, तर दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसात पेरायला घरचे बी असेल.

कोरडवाहू
जमीन कोणाच्या नावावर?

चर्चा वाचताना एक गोष्ट मनात येते. डेस्मोडियम बहुवर्षायू, फान्या जू बांध तर पिढ्यांचे काम. कष्ट बाईचे असतील आणि जमीन दुसऱ्या कोणाची असेल, तर ती एवढे कशासाठी करील?

नैरोबीकर
कोरडवाहू यांना

कागदावर परिस्थिती सुधारली आहे. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने जमिनीच्या बाबतीत स्त्री-पुरुष भेद नष्ट करण्याचे तत्त्व मान्य केले आणि २०१३ मध्ये वैवाहिक मालमत्तेचा कायदा झाला. प्रत्यक्षात बहुतेक जमिनी अजूनही पुरुषांच्या किंवा मृत आजोबांच्या नावावर आहेत. विधवेला सासरच्या जमिनीवरून हुसकावल्याच्या घटना आजही ऐकू येतात.

भाड्याच्या जमिनीवर तर करार एका किंवा दोन हंगामांचा आणि तोंडी असतो. माझ्या ओळखीच्या एका बाईने भाड्याच्या शेतात डेस्मोडियम लावले, टारफुला कमी होऊ लागला, आणि जमीन सुधारलेली पाहून मालकाने ती स्वतः कसायला परत घेतली. आता ती भाड्याच्या जागेत फक्त मका आणि घेवडा लावते, आणि डेस्मोडियम व गवत घराभोवतीच्या छोट्या तुकड्यापुरते ठेवते. तिच्या स्त्रीगटाने अलीकडे वेगळा मार्ग धरला आहे. गट मिळून, गावच्या मुख्याधिकाऱ्यासमोर, किमान चार वर्षांचा लेखी करार मागतो आणि त्या बदल्यात पहिल्या वर्षाचे भाडे आगाऊ देतो. काही मालक तयार झाले आहेत, काही नाहीत. आगाऊ भाड्याची रक्कम गटाच्या बचतीतून येते आणि ती बचत मधल्या महिन्यांत पिठासाठीही लागते, त्यामुळे दरवर्षी दोन-तीन जणींनाच हा करार परवडतो.